नागमोडी रेघ

पुण्याच्या पाण्यावर मी नऊ वर्षे व्याख्यान देत होतो. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावापासून शहरापर्यंत बांधवून घेतलेला नहर, त्याच्या वाटेवरचे उच्छ्वास म्हणजे हवा खेळती ठेवणारे दगडी मनोरे, पेठापेठांतले हौद आणि पंपाशिवाय केवळ उताराच्या हिशेबावर चालणारी ती सगळी योजना, हा माझा ठरलेला विषय होता. गणेशोत्सवातली मंडळे, ज्येष्ठ नागरिक संघ, दोन-तीन महाविद्यालये अशा ठिकाणी मिळून ते व्याख्यान तीसेक वेळा झाले असेल. शेवटचे वाक्यही ठरलेले होते : “आज त्या नहराचे पाणी एकाही हौदात येत नाही, आणि त्याची कुणाला खंतही नाही.” त्यावर टाळ्या हमखास पडत.

तिसाव्या की एकतिसाव्या खेपेला शाल-श्रीफळ घेऊन जिन्याकडे निघालो असताना सत्तरी ओलांडलेल्या एका गृहस्थांनी मला बाजूला घेतले. “सर, आमच्या वाड्यातल्या हौदात येतंय की पाणी. उद्या चहाला या, दाखवतो.” दुसऱ्या दिवशी गेलो. बोळातून आत गेल्यावर स्कूटरी लावलेल्या चौकाच्या कोपऱ्यात कंबरभर उंचीचा दगडी हौद होता, त्याच्या काठावर निळा प्लास्टिकचा मग उपडा घातलेला, आणि दगडात कोरलेल्या तोंडातून करंगळीएवढी धार आत पडत होती. हे काका महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. वैशाखात धार सुतासारखी होते, आषाढात अंगठ्याएवढी होते, आणि घरातली मंडळी अजून त्याच पाण्याने चौक धुतात, असे त्यांनी सांगितले. माझे व्याख्यान त्यांनी याआधीही दोनदा ऐकले होते. मग तेव्हाच का बोलला नाहीत, असे मी विचारले. “सांगणार कसं? माईक तुमच्याकडे. तुम्ही थांबलात की आभारप्रदर्शन, आणि मग पसायदान.”

त्या उत्तराने मला बरेच दिवस स्वस्थ बसू दिले नाही. चूक झाली याचे वाईट वाटलेच, पण चुका कुणाच्या होत नाहीत? बोचले ते वेगळे. नऊ वर्षे मी जे ‘ज्ञानदान’ समजत होतो त्या काळात माझ्या विषयातले माझे स्वतःचे शिकणे पूर्ण थांबलेले होते, आणि ते थांबले आहे हे कळण्याची कोणतीही सोय त्या व्याख्यानात नव्हती. आपल्याला जे ठाऊक आहे ते लोकांना सांगत राहावे, की गप्प बसून आधी शिकावे, हा प्रश्न वैयक्तिक वाटतो. पण व्याख्यानमाला, परिसंवाद, कार्यशाळा, शिकवण्या आणि आता मोबाइलवरच्या वाहिन्या यांनी वर्षभर गजबजलेल्या या शहरात तो सार्वजनिक प्रश्न आहे असे मला वाटते.

या बाबतीत आपल्याकडे हुकमी आधार आहे तो समर्थांचा. ‘जे जे आपणासी ठावे, ते ते इतरांसी शिकवावे’ ही ओळ शाळांच्या भिंतींवर रंगवलेली आपण लहानपणापासून पाहतो. दासबोधातली मूळ ओवी मात्र ‘जितुके काही आपणासी ठावे, तितुके हळूहळू शिकवावे’ अशी आहे. भिंतीवर उतरताना ‘हळूहळू’ गळून पडला. त्याहून मोठा फरक ‘जितुके’ आणि ‘तितुके’ यांचा आहे. ‘जे जे, ते ते’ म्हटले की सांगण्याचा उत्साह येतो. ‘जितुके, तितुके’ म्हटले की माप येते, आणि आपल्याला नेमके किती ठाऊक आहे हे आधी मोजावे लागते. ते मोजण्याची सवय मोडली की माणूस माझ्यासारखे व्याख्यान तीस वेळा देतो.

आधी मोजा, मग बोला, हा आग्रह याच शहरात एका माणसाने काटेकोरपणे धरला होता. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ मध्ये भारत सेवक समाज स्थापला तेव्हा नव्या सदस्याला पाच वर्षांची उमेदवारी ठेवली होती. देशसेवेची घाई झालेल्या तरुणाला आधी अभ्यासाला आणि प्रवासाला लावायचे, हा तिचा हेतू होता. १९१५ च्या जानेवारीत दक्षिण आफ्रिकेतून गांधीजी परतले. एकवीस वर्षांचा लढा पाठीशी असलेला, पंचेचाळिशीचा, देशभर नाव झालेला हा माणूस. त्यांच्याकडूनही गोखल्यांनी वचन घेतले, की वर्षभर देश हिंडून पाहायचा आणि तोवर सार्वजनिक प्रश्नांवर मत द्यायचे नाही. गोखले त्याच वर्षी १९ फेब्रुवारीला गेले. वचन मागणारा राहिला नाही, तरी घेणाऱ्याने ते पाळले.

या गोष्टीचा मला आवडणारा भाग सहसा सांगितला जात नाही. ‘हिंद स्वराज’मधल्या काही कल्पनांना गोखले हसत, आणि वर्षभर देशात राहिलात की तुमची मते आपोआप ठीक होतील असे म्हणत, हे गांधीजींनीच आत्मकथेत लिहिले आहे. ती मते काही ‘ठीक’ झाली नाहीत. म्हणजे मौनाच्या वर्षाने शिष्याचे मत गुरूच्या मताजवळ आणले नाही; पण त्या वर्षातला तिसऱ्या वर्गाचा प्रवास पुढच्या तीन दशकांच्या प्रत्येक सभेत कामाला आला. शिकण्याने मत बदललेच पाहिजे असे नाही, त्या मताखाली जमीन आली तरी पुष्कळ झाले.

तरीही गोखल्यांची अट सर्वांना सरसकट लावायला माझा विरोध आहे. ‘आधी शिका, मग बोला’ हे वाक्य कोण कुणाला म्हणतो, ते आधी पाहिले पाहिजे. १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये एक निबंध छापून आला, ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’. लिहिणारी मुक्ता साळवे ही फुले दांपत्याच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी मातंग समाजातली मुलगी होती. तिचे शालेय शिक्षण जेमतेम काही वर्षांचे. त्या काळच्या पुण्यात वेद मुखोद्गत असलेले शेकडो विद्वान होते, आणि तिने जे लिहिले ते त्यांच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हते. ठाऊक करून घेण्याची त्यांना गरज वाटली नव्हती. आधी व्याकरण पुरे कर, मग लिही, असे तिला कुणी म्हटले असते तर तो निबंध झालाच नसता. खुद्द सावित्रीबाई १८४८ मध्ये मुलींना शिकवू लागल्या तेव्हा सतरा वर्षांच्या होत्या. गप्प राहून शिकण्याची चैन ज्यांचे बोलणे उद्याही ऐकले जाणार आहे त्यांनाच परवडते. गांधीजींना ती परवडली. मुक्ताला परवडली नसती.

तेव्हा ‘किती शिकल्यावर बोलावे’ याला वर्षांत किंवा पदव्यांत मोजता येईल असे उत्तर नाही. मुक्ताने स्वतः भोगलेले सांगितले, आणि जितुके ठाऊक होते तितुकेच सांगितले. माझ्या व्याख्यानात मी न पाहिलेल्या हौदांबद्दल बोलत होतो. या दोहोंत अधिक शिकलेला मी होतो, हे लक्षात घ्यावे.

दुसऱ्या टोकाचीही एक गोष्ट माझ्या जवळची आहे. मला इतिहास शिकवणारे एक प्राध्यापक होते. पेशवेकालीन बाजारपेठांवर त्यांनी चाळीस वर्षे टिपणे काढली. पोस्टकार्डाच्या आकाराचे जाड कागद, एकेका कार्डावर एकेक नोंद, वरच्या कोपऱ्यात लाल शाईने संदर्भ, आणि ती सगळी बुटांच्या खोक्यांत तारखेप्रमाणे लावलेली. लिहा, असे कुणी म्हटले की ते म्हणत, “अजून दोन रुमाल पाहायचे राहिलेत.” पेशवे दप्तरातले कागद ज्या कापडात बांधलेले असतात त्या गठ्ठ्याला रुमाल म्हणतात, आणि दप्तरात असे हजारो रुमाल आहेत, म्हणजे दोन रुमाल नेहमीच राहिलेले असणार. सर गेले, मुले परदेशी, फ्लॅट विकायला काढला. अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका रद्दीवाल्याकडे मला त्यातले एक खोके दिसले. तो काट्यावर त्यातला कागद तोलत होता आणि खोके वेगळे काढून ठेवत होता, कारण खोक्याला भाव वेगळा. बाकीची कधीच गेली होती. मी ते एक विकत घेतले. त्यात ११४ कार्डे आहेत, बहुतेक भुसाराच्या भावांची, आणि त्यांतल्या किमान दहा नोंदी अशा आहेत की त्या छापल्या असत्या तर माझ्यासारख्या पाच-सहा जणांची वर्षे वाचली असती. उलट, सरांनी एका नोंदीत मणाचे माप चुकीचे धरले आहे असे मला दिसते, आणि त्यांच्या हयातीत कुणी ते दाखवले असते तर पुढची कितीतरी कार्डे दुरुस्त झाली असती. न सांगितल्याने जगाचे नुकसान होते हे सगळेच म्हणतात. न सांगितल्याने सरांचे स्वतःचे शिकणेच त्या मापापाशी अडकून बसले, हे मला अधिक हळहळ वाटायला लावते.

म्हणजे सांगत सुटल्यानेही शिकणे थांबते आणि मुळीच न सांगितल्यानेही थांबते. मग चालू राहते कशाने? याचे उत्तर मला पुण्यातच, विधी महाविद्यालय रस्त्यावरच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत सापडले.

संस्था १९१७ ची. १९१९ मध्ये तिने महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार करण्याचे काम हाती घेतले. देशभरातल्या वेगवेगळ्या लिप्यांतल्या हस्तलिखितांचे पाठ एकमेकांशी ताडून पाहायचे आणि त्यांवरून सर्वांत जुना सिद्ध होईल असा पाठ ठरवायचा, असे हे काम. अशा कामात माझे सर असते तर शेवटची पोथी मिळेपर्यंत थांबले असते. संस्थेने १९२३ मध्ये, म्हणजे अवघ्या चार वर्षांनी, विराटपर्वाची एक तात्पुरती आवृत्ती छापली आणि ती ठिकठिकाणच्या अभ्यासकांकडे अभिप्रायासाठी पाठवून दिली. आमची रीत अशी आहे, कुठे चुकते ते कळवा, असा त्याचा अर्थ. १९२५ मध्ये विष्णु सीताराम सुकथनकर प्रमुख संपादक झाले आणि त्यांनी संपादनाची पद्धत नव्याने बांधली. मूळ शिक्षण गणिताचे, केंब्रिजचे. नंतर बर्लिनला जाऊन भारतविद्या शिकलेले. त्यांनी आदिपर्वही एकदम बाहेर काढले नाही. १९२७ पासून ते भागाभागाने छापत गेले आणि १९३३ मध्ये पुरे केले. पुढे नेपाळातून आदिपर्वाची एक जुनी पोथी हाती आली तेव्हा त्यांनी आपला छापलेला पाठ तिच्याशी ताडून पाहिला आणि त्यावर स्वतंत्र निबंध लिहिला. १९४३ मध्ये ते गेले. काम चालू राहिले आणि १९६६ मध्ये संपले, तेव्हा १२५९ हस्तलिखिते पाहून झाली होती.

या खंडांचे कोणतेही पान उघडून पाहावे. वर संपादकांनी ठरवलेला पाठ, खाली बारीक टायपात नाकारलेले पाठभेद, कोणत्या पोथीत काय आहे त्या खुणांसह. आणि वरच्या श्लोकांत मधूनच एखाद्या शब्दाखाली, कधी दोन अक्षरांखाली, एक नागमोडी रेघ असते. त्या जागी ठरवलेल्या पाठाबद्दल संपादकांची पुरेशी खात्री नाही, असा तिचा अर्थ. मी पहिल्यांदा ती पाहिली तेव्हा छपाईतला दोष समजलो होतो. इतक्या पोथ्या पाहिलेला माणूस आपल्या छापील वाक्याखाली जाहीरपणे शंकेची खूण करतो, आणि ज्या सामग्रीवरून त्याचे म्हणणे खोडता येईल ती त्याच पानावर वाचकाच्या हाती देतो. हे सांगणेही आहे आणि शिकणेही. दोन कामांसाठी वेगळी आयुष्ये लागत नाहीत.

माझे म्हणणे एवढेच आहे. लवकर सांगावे, थोडे सांगावे, उलट बोलू शकतील अशांना सांगावे, आणि जिथे खात्री नाही तिथे तशी खूण करून सांगावे. आपल्या सार्वजनिक व्यवहारात यातले शेवटचे दोन जवळजवळ दिसत नाहीत. व्याख्यानमालेचा साचा न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली त्या काळचा आहे. तेव्हा पुस्तके दुर्मीळ, वाचणारे थोडे. एकाने उभे राहून सांगावे आणि शेकडोंनी बसून ऐकावे हीच काटकसर होती. आज समोर बसलेल्या तीनशे जणांत निवृत्त अभियंते असतात, परिचारिका असतात, फिटर असतात, आणि वक्त्याच्या विषयातला एखादा तुकडा वक्त्याहून अधिक जाणणारा निदान एक तरी असतोच. साचा मात्र तोच. प्रश्नोत्तरे ठेवलीच तर चिठ्ठ्यांवर, आणि ‘वेळेअभावी’ त्या चिठ्ठ्या संयोजकांच्या खिशात जातात.

विद्यापीठांत हेच अधिक महागात पडले. २०१० पासून प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुण मोजण्याची पद्धत आली आणि छापलेल्या निबंधांना त्यात भाव आला. सांगणे मोजता येते, शिकणे मोजता येत नाही. जे मोजता येते त्याचेच पीक येते. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पेव फुटले. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्याच संशोधकांनी २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली हजारेक नियतकालिके तपासली, तर त्यांतली ८८ टक्क्यांहून अधिक निकषांत बसली नाहीत. नंतर नियम सैल झाले, २०२२ मध्ये पीएच.डी.साठी निबंध छापण्याची सक्तीही गेली. पण ज्याने दहा वर्षे दर सहा महिन्यांनी काहीतरी ‘मांडले’, त्याला आता गप्प बसून वाचायची सवय कशी लावायची, याचा नियम निघालेला नाही.

सदाशिव आणि नारायण पेठेतल्या अभ्यासिकांबद्दल मात्र माझे मत लोकांच्या टीकेपेक्षा मऊ आहे. स्पर्धा परीक्षेत दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत जाऊन हुकलेला मुलगा कोपऱ्यातल्या प्लायवूडच्या खणात बसून, समोर चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठ्यांसमोर मोबाइल उभा करून राज्यघटना शिकवू लागतो, तेव्हा ‘स्वतः पास झाला नाही आणि शिकवतोय’ असे त्याला हिणवले जाते. मला त्यात वावगे दिसत नाही. माझ्या ओळखीच्या अशा एकाला शिकवताना घटनादुरुस्त्या प्रथमच नीट कळल्या, कारण विचारणारी पोरे शेजारच्याच खणात बसत आणि चुकले की तिथेच खेचत. बिघडले ते नंतर. ऐकणारे हजारोंनी वाढले, त्यांच्या प्रश्नांची जागा ‘खूप छान सर’ने घेतली, आणि त्याने नवे वाचणे सोडले. आता तो तीन वर्षांपूर्वीची टिपणे वाचून दाखवतो. मी त्याला हसू शकत नाही. माझी नऊ वर्षे झाली होती.

ऐकणाऱ्याला विचारायला लावण्याची युक्ती या शहरातल्या एका मोठ्या शास्त्रज्ञाला साधली होती. जयंत नारळीकरांकडे मुले स्वाक्षरी मागत, तर ते सांगत, की पोस्टकार्डावर एखादा प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली स्वाक्षरी येईल. आयुकासारखी खगोलशास्त्राची संस्था उभारणाऱ्या माणसाने त्या कार्डांना उत्तरे लिहिण्यात किती संध्याकाळ घातल्या असतील कोण जाणे. मुलांना त्यात स्वाक्षरी मिळाली, आणि त्यांना मुले कुठे अडतात ते घरबसल्या कळत राहिले.

यंदा एका मंडळाचे त्याच विषयासाठी बोलावणे आले, तेव्हा मी अटी घातल्या. पस्तीस मिनिटे बोलेन, मग माईक खाली जाईल आणि तासभर खालीच राहील. सुरुवातीला माझे जुने शेवटचे वाक्य वाचून ते चूक होते असे सांगेन. फिटरकाकांना व्यासपीठावर खुर्ची हवी. संयोजक चांगले गृहस्थ आहेत. ते म्हणाले, “सर, चूक कशाला उगाळायची? गेल्या वर्षीचे श्रोते येतातच असं नाही.” आणि मग, “काकांचा परिचय काय छापू?” निवृत्त फिटर, पाणीपुरवठा विभाग, असे छापा, म्हटले.

काकांना मी माझी टिपणे आधी वाचायला दिली, आणि महाभारताच्या त्या रेघेची गोष्टही सांगितली. चार दिवसांनी त्यांनी कागद परत आणले. शिसपेन्सिलने तीन ठिकाणी नागमोडी रेघ ओढलेली होती : नहर कसा साफ करत त्या वाक्याखाली, हौदांच्या संख्येखाली, आणि उताराच्या आकड्याखाली. पहिल्या दोन जागी त्यांचे म्हणणे मला पटले आणि मी मजकूर बदलला. उताराच्या आकड्यावरून आमचा वाद अजून चालू आहे. पाऊस उघडला की कात्रजच्या बाजूने दोन उच्छ्वासांपर्यंत चालत जाऊन मोजायचे ठरले आहे, आणि पाणसळ त्यांची आहे.